लेकरांच्या आधी आईबापाला स्टेजवर बोलवा

दहावीचा निकाल ऑनलाइन बघायचा म्हणलं की दोनच गोष्टी विचारतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. बापाचं नाव लागत नाही, आडनाव लागत नाही. 13 मे 2025 ला दुपारी 1 वाजता निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेच्या ऑफिसात एका मोबाईलभोवती पोरांचा हा घोळका, आणि एकेक जण पुढं येऊन आपल्या आईचं नाव स्पेलिंगसकट सांगतोय, कारण एक अक्षर इकडंतिकडं झालं की निकाल उघडत नाही. "मॅडम, शेवटी डबल ए हाय." "मॅडम, एच नाही टाकायचा, फॉर्मवर नव्हता." एरवी हीच पोरं आईचं नाव कोणी विचारलं तर लाजून खाली बघतात. गुणपत्रिकेवर पण आईच्या नावाचा वेगळा रकाना असतो, आणि बोर्डाच्या सगळ्या कागदपत्रात मला ती एकच ओळ मनापासून आवडते.

2025 ला राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, मुली 96.14, मुलं 92.31, आणि कोकण विभाग 98.82 टक्क्यांनी पहिला. पास झालेल्या सगळ्या लेकरांचं अभिनंदन, अगदी मनापासून. शंभर टक्केवाल्यांचे फोटो पेपरात आले, त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. मला आज त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माणसांबद्दल लिहायचंय, आणि तेही मी जिथं शिकवते तिथल्या माणसांबद्दल, कारण इथले पालक लेकराच्या शिक्षणासाठी जे करतात ते पालकत्वावरच्या कुठल्या लेखात मी वाचलेलं नाही.

मी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कूलला गणित शिकवते. आमच्याकडं जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, आणि दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघून जातं. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी सातारा-सोलापूरला, काही टोळ्या खाली कर्नाटकात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते, बरेचदा पावसाळ्यात घेतलेली आणि दवाखान्यात नाहीतर लग्नात खर्च पण झालेली, ती अंगावर फेडायची म्हणून जायचं. मजूर मोजतात ते कोयत्यावर, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडीत भरायच्या, आणि गाडी रात्री 11 ला आली तर रात्री 11 ला भरायची. राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, तीत लाईट नाही. हे सगळं मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत.

आता यात दहावीचं वेळापत्रक ठेवून बघा. 2025 ला परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च होती. म्हणजे लेकरू आयुष्यातली पहिली मोठी परीक्षा देतंय तेव्हा आईबाप तीन-साडेतीनशे किलोमीटर लांब कुणाच्यातरी फडात असतात. दही-साखर हातावर ठेवायला कोणी नाही, सेंटरवर सोडायला कोणी नाही, पेपर सुटल्यावर गेटवर पाण्याची बाटली घेऊन थांबलेलं कोणी नाही. त्या हंगामात ऊस कमी होता, काही कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप लवकर थांबलं, त्यामुळं एखाददुसऱ्याची आई शेवटच्या पेपरांना गावात पोचली, तेवढंच.

शहरात पालकांची भूमिका म्हणलं की अभ्यासाची वेगळी खोली, मोबाईल काढून घेणं, टाइमटेबल, क्लासला सोडणं-आणणं असं सगळं डोळ्यासमोर येतं. माझ्या बहिणीकडं पुण्यात हे सगळं मी बघितलंय, तीही लेकीसाठी जिवाचं रान करते, त्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. आमच्याकडं मात्र लेकराचं शिक्षण ज्या गोष्टीवर ठरतं ती एकच, आणि ती दसऱ्याच्या आसपास आठ-दहा दिवसात ठरून जाते. लेकराला संग न्यायचं का मागं ठेवायचं.

हे बाहेरून फार सोपं वाटतं, ठेवा की मागं, आजी आहे ना. पण हिशोब बघा. पंधरा-सोळा वर्षाचं तगडं पोरगं संग नेलं की अर्धा कोयता वाढतो आणि मुकादम त्याच्यावर वेगळी उचल देतो, तीही रोख. पोरगी संग नेली तर ती धाकट्यांना सांभाळते, सकाळच्या भाकरी करते, पाणी आणते, म्हणजे आईचे दोन तास फडात वाढतात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, चांगलंच झालं, पण मजुरी टनावर असते, जितके हात तितका ऊस, त्यामुळं घरातला एक मोठा हात शाळेच्या बाकावर बसवून ठेवणं म्हणजे डोळ्यादेखत पैसे सोडणं आहे आणि तेही डोक्यावर उचल असताना. पोरगी असेल तर वर आणखी एक दडपण असतं. नातेवाईक म्हणतात, वयात आलेली पोर म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवता, त्यापेक्षा लग्न उरकून टाका, त्यांचाबी एक कोयता होईल. कायद्यानं 18 पूर्ण पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हे बोललं जातं, माझ्यासमोर बोललं गेलंय. अशा वेळी जो बाप म्हणतो, नाही, हिची दहावी होऊद्या, आम्ही दोघंच जातो, त्या बापाला पहिलीपासूनचा एक धडा वाचता येत नसला तरी माझ्या दृष्टीनं लेकीच्या निकालातला मोठा वाटा त्याचा आहे.

मागं ठेवलं की मग आजीचं राज्य सुरू होतं.

यंदा आमच्या शाळेत एक मुलगी 86 टक्के घेऊन पास झाली, घरात आजी, ती आणि चौथीतला भाऊ एवढेच. आजीला घड्याळ कळत नाही. पण त्यांच्या गावात एसटी मुक्कामी असते आणि पहाटे ड्रायव्हर गाडी चालू करून थोडा वेळ तशीच धडधडत ठेवतो, तो आवाज आला की आजी नातीला उठवायची. थंडीत सुद्धा. उठवून स्वतः परत झोपायची नाही, चुलीपुढं बसायची, कारण तिचं म्हणणं की म्हातारं माणूस झोपलं की लेकराला पण झोप येते. मी एकदा घरी गेले तेव्हा मला म्हणली, "बाई, मला तिच्या पुस्तकातलं काई कळत नाई, पर पान उलटल्याचा आवाज येतो का नाई ते ऐकते मी. लई येळ पान उलटलं नाई तर समजायचं, पोर डुलकी घेतीय नायतर गणित करतीय." आणि गणित करताना पेन्सिलचा आवाज येतो म्हणे, त्यावरून तिला दोन्हीतला फरक कळायचा. मी इतकी वर्षं वर्गात सुपरव्हिजन करते, पण असं कान लावून बसणं मला जमलेलं नाही.

ही आजी गुणपत्रिकेवर कुठंच नाही. तिच्यासाठी रकानाच नाही.

आणि ज्या आया लांब असतात त्या लांब असूनही काय काय करतात ते मला वर्गशिक्षिका म्हणून फोनवर कळतं. आमच्या एका पोराची आई, शाळेत कधीच गेलेली नाही, तिनं परीक्षेचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर मागवून घेतलं, टोळीतल्या एका पोराकडून वाचून घेतलं, आणि पाठ केलं. अक्षरशः पाठ. कोणत्या वारी कोणता पेपर, 11 ला चालू होतो, कुठल्या पेपराच्या मधे सुट्टी आहे. प्रत्येक पेपरच्या सकाळी फडातून तिचा पोराला फोन, त्या दिवशी कोणता विषय आहे ते ती सांगणार, हॉल तिकीट घेतलं का विचारणार, आणि ठेवून देणार. भूमितीच्या आदल्या रात्री गाडी भरून ती बाराच्या पुढं कोपीवर आली असणार, तरी सहाला फोन होताच. मला पोरानंच सांगितलं, जरा वैतागूनच सांगितलं, "मॅडम, तिला माझ्यापेक्षा जास्त टेन्शन." पोराला 71 टक्के पडले. बीजगणितापेक्षा भूमितीत जास्त.

बाप लोक जास्त बोलत नाहीत. त्यांचा फोन आला की ठरलेला एकच प्रश्न असतो, "मॅडम, लेकरू शाळेत येतंय ना?" मार्क विचारत नाहीत, घटक चाचणी विचारत नाहीत. आधी मला वाटायचं की यांना अभ्यासाचं काही पडलेलं नाही का, पण त्यांच्या जागेवरून विचार केला की तो प्रश्न बरोबर आहे, कारण आमच्याकडं पोरं नापास होण्याआधी शाळेतून नाहीशी होतात. डिसेंबरात गैरहजेरी सुरू होते, जानेवारीत कळतं की तो मामाच्या टोळीवर गेलाय, आणि मग परीक्षेपुरता आला तर आला. म्हणून तो फोन महत्वाचा. ज्या घरातून महिन्यातून एकदा का होईना हा फोन येतो त्या घरचं लेकरू टिकतं, हे मी माझ्या वर्गावरून सांगते, बाकी कुठला आधार माझ्याकडं नाही.

आता गुणगौरवाबद्दल, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

दहावी-बारावीचे गुणगौरव सोहळे म्हणजे कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे. मोठा फ्लेक्स, त्यावर पाहुण्यांचे मोठे फोटो आणि लेकरांचे छोटे. पाहुणे दोन तास उशिरा येणार, मग दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन, मग सूत्रसंचालन करणारे सर चारोळ्या म्हणणार, मग भाषणं, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलंय ती लेकरं खाली मांडवात घामेजून बसलेली. शेवटी घाईघाईत नावं पुकारायची, एकेकाला ट्रॉफी, गुलाबाचं फूल, फोटो, चला पुढं. पालक तर मांडवाच्या बाहेर, चपला काढल्या जागेपाशी, लिंबाच्या झाडाखाली उभे. त्यांना कोणी बसा सुद्धा म्हणत नाही. मला याचा फार राग यायचा, अजून येतो. आणि सत्कार कुणाचा, तर पहिल्या तीन, फारतर पाच नंबरांचा. 52 टक्के घेतलेलं लेकरू, ज्याच्या घरात त्याच्या आधी कोणी दहावी झालेलंच नाही, त्यानं टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं.

दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांनी मिळून हे बदलायचं ठरवलं. मुख्याध्यापक तयार झाले, संस्थेच्या लोकांना समजवायला जरा वेळ गेला. आता आमच्याकडं पास झालेल्या सगळ्या लेकरांचा कार्यक्रम होतो, टक्के कितीका असेनात. स्टेजवर खुर्च्या पालकांना. पाहुणे एकच, तेही खाली पहिल्या रांगेत, आणि त्यांना आधीच सांगितलेलं असतं की भाषण पाच मिनिटं. लेकरानं स्टेजवर यायचं, माईकवर आपलं नाव, आईचं नाव, बापाचं नाव सांगायचं, आणि घरच्या माणसानं वर्षभरात आपल्यासाठी केलेली एक गोष्ट सांगायची. "माझ्या आईवडिलांनी खूप कष्ट केले" असं चालणार नाही हे आधी वर्गात सांगून ठेवतो, कारण ते सगळेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यातून काही दिसत नाही. नेमकं सांगायचं, कधी, काय केलं.

पहिल्या वर्षी मला वाटलं पोरं बोलणारच नाहीत. पण काय काय बोलली! एक मुलगा म्हणला, माझ्या वडिलांनी ह्या वर्षी उचल कमी घेतली, माझ्या नावावर नाही घेतली, म्हणून आमच्या घराचं पत्र्याचं काम राहिलं आणि पावसाळ्यात घर गळलं. एवढंच बोलून तो थांबला, बाप वर खुर्चीत मान खाली घालून बसलेला. एकीनं सांगितलं की आईनं कोपीवरून दर पंधरा दिवसाला टोळीतल्या कुणाच्यातरी हाताने पैसे पाठवले आणि प्रत्येकवेळी निरोप एकच, आजीला नको सांगू, वह्यांना ठेव. एका पोराची मोठी बहीण आली होती पालक म्हणून, तिची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. तो म्हणला, हिनं माझ्यासाठी धुणंभांडी, शेळ्या, सगळं केलं, मला एकदाही शेळ्यामागं पाठवलं नाही. त्यावेळी मांडवात जो टाळ्यांचा आवाज झाला तो मी कुठल्या पाहुण्याच्या भाषणाला ऐकलेला नाही. त्या बहिणीला आमच्या एका सरांनी तिथंच विचारलं, 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, तो भरून तू पण दहावी दे की. ती हसली. पण नंतर ऑफिसात येऊन कागदं कोणती लागतात ते विचारून गेली.

मी वर सांगितलेली आजी यंदा स्टेजवर यायला तयारच नव्हती. खुर्चीवर बसायचं तिला कसंतरी वाटत होतं, शेवटी नातीनं हाताला धरून बसवली. नात माईकवर एसटीचं सगळं सांगत होती आणि आजी शेजारच्या बाईला मोठ्यानं विचारत होती, "काय सांगतीय गं ही, सगळ्यांना कशाला सांगतीय?" शाल घातली तर ती लगेच घडी करून काखेत ठेवली, नवी आहे, मळेल म्हणून.

हे सगळं कार्यक्रमाच्या हौसेपोटी लिहित नाहीये. यातून एक गोष्ट होते आणि ती मी बघितलीय. खाली मांडवात नववीच्या लेकरांचे आईबाप बसलेले असतात. ते दसऱ्याला निर्णय घेणार असतात. त्यांच्याच टोळीतला, त्यांच्याच भावकीतला माणूस स्टेजवर बसलेला त्यांना दिसतो आणि त्याचं कौतुक कशाबद्दल होतंय ते कानावर पडतं. मी वर्गात किंवा घरी जाऊन शंभर वेळा सांगितलं तरी मी पगारदार बाई, माझ्या घरात उचल नाही, माझं बोलणं ते ऐकून घेतात आणि सोडून देतात. आपल्यातल्या माणसानं केलं म्हणलं की गोष्ट वेगळी होते. म्हणून हा कार्यक्रम आम्ही जून-जुलैतच घेतो, आईबाप गावात असतात, खुरपणीची कामं चालू असली तरी एका सकाळपुरते येतात. काही शाळा डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनात बक्षिसं वाटतात, त्यावेळी आमच्या भागात टाळ्या वाजवायला पण पालक नसतात.

पालक सभेचं पण तसंच. वरून येणाऱ्या वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्या सत्रात सभा घ्यायची आणि आजी-आजोबांचे अंगठे घ्यायचे याला काही अर्थ नाही. आम्ही दहावीच्या पालकांची मोठी सभा सप्टेंबरात घेतो, टोळ्या निघायच्या आधी, आणि त्यात अभ्यासापेक्षा कागदपत्रांवर जास्त बोलतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आधारला चालू असलेला मोबाईल नंबर जोडणं, लेकराच्या नावानं बँक खातं. ही कामं बाप गावात असताना झाली तर झाली, नाहीतर फेब्रुवारीत लेकरू एकटं तहसीलच्या खेट्या घालत बसतं आणि तिथं त्याला म्हणतात वडिलांना घेऊन ये. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आमच्यासारख्या घरात ती रक्कम लहान नाही, पण आधार आणि खात्याच्या घोळात ती अडकते आणि घोळ निस्तरायला मोठं माणूस लागतं. जाताना शेजाऱ्याचा, चुलत्याचा, कोणाचातरी नंबर शाळेत लिहून द्या हे पण सांगतो, रात्री-अपरात्री लेकराला ताप आला तर कोणाला बोलवायचं ते ठरलेलं पाहिजे. हे पालकांनीच केलेलं काम आहे, आम्ही फक्त आठवण करून देतो.

सरकारकडून काहीच नाही असं मी म्हणणार नाही. खालच्या वर्गांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, आणि 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, 41 तालुक्यात मुलामुलींची मिळून 82 वसतिगृहं असं त्यात ठरलं. जिथं चालू आहेत तिथं फरक पडतो. पण आमच्या डोंगरातल्या वस्त्या लांब लांब, आणि तालुक्याच्या ठिकाणी पोरगी ठेवायला आईबापाचं मन तयार होईपर्यंत दोन वर्षं जातात, तोवर भार आजीवरच.

आता जरा पालकांना दोन शब्द बोलायचेत, कौतुक केलंय म्हणून हक्कानं बोलते.

ज्यांचं चांगलं चाललंय, नोकरी आहे, दुकान आहे, त्यांच्यातले काही जण निकालाच्या दिवशी फार वाईट वागतात. 91 टक्के पडलेल्या मुलीला तिचे वडील माझ्यासमोर म्हणले, "आणि ते अमक्याच्या पोरीला 94 कसे पडले मग?" ती मुलगी पेढ्याचा बॉक्स घेऊन उभी होती, वाटायला आणलेला. तिनं तो टेबलवर ठेवला आणि गेली. साहेब, बेस्ट ऑफ फाइव्हचे टक्के आहेत ते, एका विषयात दोन-चार मार्क इकडंतिकडं झाले की सगळं हलतं, त्यावरून लेकराची किंमत करायची असते का? आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लातूरला टाकायचं, नीटची तयारी, हॉस्टेल, एवढे लाख भरायचे, हे सगळं तिला न विचारता ठरलेलं. लातूर पॅटर्ननं आमच्या भागातली कितीतरी पोरं डॉक्टर झाली, मला त्याचा अभिमान आहे, पण ज्या लेकराला रक्त बघून चक्कर येते आणि ज्याला हिशोबात गती आहे त्याला कॉमर्सला जाऊद्या. विचारा तरी एकदा.

आणि जे यंदा पास झाले नाहीत त्यांच्या आईबापांसाठी तर मला सगळ्यात जास्त लिहायचंय. एक-दोन विषय गेले असतील तर एटीकेटीनं अकरावीला प्रवेश घेता येतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते, वर्ष वाया जात नाही. हे निकालाच्या दिवशी लेकराला घरातल्या कोणीतरी सांगायला पाहिजे, शाळा उघडेपर्यंत थांबू नका. यंदा आमच्याकडचा एक मुलगा इंग्रजीत राहिला, निकाल बघून तो शाळेच्या मागं जाऊन बसला. त्याचे वडील आले, त्याच्या शेजारी मातीत बसले, काही बोलले नाहीत, बिडी काढली, परत खिशात ठेवली, आणि थोड्यावेळानं म्हणले, "चल, म्हशीला पाणी दाखवायचंय, उद्या येऊन फॉर्मचं विचारू." दुसऱ्या दिवशी दोघं साडेनऊलाच दारात, आमचा शिपाई पण आलेला नव्हता. फॉर्म भरला, मी आणि इंग्रजीच्या सरांनी त्याला रोज सकाळी बोलवलं, वडील रोज सायकलवर मागं बसवून सोडायला यायचे, तो सोळा वर्षाचा घोडा असून. त्यालाही आम्ही गुणगौरवाला बोलवलं होतं. तेव्हा त्याचा निकाल आलेला नव्हता, वडील स्टेजवर येऊन बसले आणि कोणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.

अकरावीचा प्रवेश 2025 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय, आधी मोठ्या शहरांपुरता होता. त्या वर्षी 100 रुपये भरून नोंदणी होती, दहा कॉलेजपर्यंत पसंतीक्रम. गावातल्या पालकांना हे नवीन आहे, नेटकॅफेवाला भरेल तसा फॉर्म भरून येतात आणि मग पन्नास किलोमीटर लांबचं कॉलेज लागतं, मुलगी असेल तर तिथंच शिक्षण थांबतं. आमच्या शाळेत सकाळी 10 ते 1 आम्ही दोघं-तिघं शिक्षक बसतो, फॉर्म फुकट भरून देतो, आजूबाजूच्या गावातल्यांनी पण या, आमचेच विद्यार्थी पाहिजेत असं काही नाही. येताना गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला असेल तर तो, आणि ओटीपी येतो तो मोबाईल, रिचार्ज मारलेला. पसंतीक्रम टाकताना एसटी कोणत्या कॉलेजपर्यंत जाते आणि संध्याकाळची परतीची गाडी किती वाजता आहे ते आधी बघून या, आणि लेकराला संग आणा, त्याला काय शिकायचंय ते त्याच्याच तोंडून ऐकून मी भरणार आहे.

मुकादम यंदा पण पोळ्याच्या आसपास उचल घेऊन दारात येतीलच. अकरावीच्या लेकराचं मागं ठेवायचं का संग न्यायचं ते त्याच्या आधी घरात बसून ठरवा, आजीला पण विचारा, आणि काही अडलं तर मला फोन करा, रात्री गाडी भरून झाल्यावर केला तरी चालेल, मी उचलते.